सगळ्यांच्या मागून

चौथ्या फेरीला भारतच्या दोन्ही नडग्यांत अशी कळ उठली, की तो मैदानातच खाली बसला. आजही तो सगळ्यांत शेवटी होता. पोलीस भरती दोन महिन्यांवर आलेली, सोळाशे मीटर पळायचं, आणि हा गडी सराव सुरू करून तीन आठवडे होत नाहीत तोच लंगडायला लागला होता.

उपाय सुचवायला बरोबर सराव करणाऱ्या पोरांनी कसर ठेवली नाही. एक म्हणाला हळदीचा लेप लाव, दुसरा म्हणाला बूट बदल, तिसऱ्यानं बर्फ चोळायला सांगितलं. शहराच्या कडेला, गारखेड्यात तो राहायचा तिथं तेव्हा नळाला आठवड्यानं पाणी यायचं आणि हा म्हणे बर्फ! भारतनं लेप लावला, उसने बूटही घालून पाहिले. कळ काही हटली नाही. त्याहून वाईट होती ती लाज. खुलताबादच्या डोंगरात मेंढ्यांमागं हिंडून तो मोठा झाला होता. दिवसाकाठी सात-आठ कोस चाल त्याच्या खिजगणतीतही नसायची. त्याच पायांनी शहराच्या सपाट मैदानावर दगा दिला होता.

मेंढ्या आता नव्हत्या. सलग दोन वर्षं पावसानं हुलकावणी दिली, डोंगर बोडका झाला, आणि त्याच्या बापानं, मल्हारीनं, एका सकाळी सगळा कळप व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढवला. भारत त्या दिवशी परीक्षेसाठी शहरात होता. परतला तेव्हा मेंढ्या कोंडायची जाळी गुंडाळून भिंतीला टेकवलेली होती. तो त्यावर एक शब्द बोलला नाही. पंधरवड्यात दोघं गारखेड्यात आले. तिथं शेतं मोडून इमारती उठत होत्या. मल्हारीला एका अर्धवट इमारतीवर वॉचमनचं काम लागलं आणि राहायला पत्र्याची खोली मिळाली.

मैदानावर पोरांना फुकट शिकवणारे नूरमोहम्मद चाचा वाळूजच्या एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचे. यंत्राचं कुठं काय घासतंय ते त्यांना नुसतं ऐकून कळायचं. भारत खाली बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी ते काही न सांगता मैदानाच्या कडेला उभे राहिले आणि त्याच्या पावलांचा आवाज ऐकू लागले. मग त्यांनी त्याला हाताला धरून बाजूला घेतलं.

"बेटा, तू पळत नाहीस. तू ब्रेक मारतोस," ते म्हणाले. "पुढचा जरा ढिला पडला की तू टाच रोवतोस. सगळा झटका नडगीवर येतो. पुढं जायचा दम आहे तुझ्यात, मग जात का नाहीस?"

भारतला प्रश्नच विचित्र वाटला. "पुढं कसं जायचं चाचा? मागं कोण ऱ्हायलं ते कसं कळंल?"

चाचांना हसू फुटणार होतं. पोराचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं.

भारतला हे कुणी बसवून शिकवलं नव्हतं. राखणारा नेहमी कळपाच्या मागं असतो. एखादी लंगडी मेंढी रेंगाळते, कालचं कोकरू अडखळतं, आणि राखणारा पुढं गेला की ती लांडग्याच्या तोंडी जातात. ते त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं, की धापा टाकणाऱ्या पोरांमागं तो आपोआप पाय आवरायचा. खरं सांगायचं तर दिवसभरातला तेवढाच अर्धा तास त्याला आवडायचा. पुढं तीस-चाळीस जण, त्यांच्या पायांची धूळ, आणि सगळ्यांच्या मागं आपण. डोळे किलकिले केले की त्या धुळीत त्याला हवं ते दिसायचं. नडग्या ठणकत असतानाही तो रोज पहाटे सगळ्यांच्या आधी मैदानावर येऊन उभा राहायचा तो याच ओढीनं.

चाचांनी तीन आठवडे त्याचं पळणं बंद केलं. आधी नुसतं चालायला लावलं, मग लहान लहान पावलं टाकत थोडं थोडं पळायला. पाय ठीक वाटल्यावर एका संध्याकाळी ते म्हणाले, "उद्या सगळे यायची वाट बघू नकोस. एकटा पळ. मागं कोणी राहायचा सवालच नाही."

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू झालं होतं. पहिल्या फेरीत भारतनं सवयीनं दोनदा मागं वळून पाहिलं. मैदान रिकामं होतं. मग हळूहळू पाय मोकळे सुटले. टाच रोवायला कारणच उरलं नव्हतं. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली, नडग्यांनी साधी कुरकुरही केली नाही. चौथी संपली तेव्हा चाचा घड्याळ नाचवतच पुढं आले. पूर्ण गुणांसाठी जेवढा वेळ असतो, त्याच्याही सहा सेकंद आधी तो पोचला होता.

"वर्दी मिळाली समज," चाचा म्हणाले.

भारतनं घड्याळाकडं पाहिलंच नाही. तो गुडघ्यांत डोकं घालून बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. चाचा घाबरले. खाली बसून त्याचे पाय चाचपू लागले.

"दुखतंय का रे?"

"नाय चाचा. कायबी दुखत नाय."

"मग रडतोस कशाला? बघ की, मागं कोणी राहिलं नाही."

"मागं नव्हतं कोण, त्याचं काय नाय," भारत बाहीनं नाक पुसत म्हणाला. "पण पुढंबी कोणच नव्हतं, चाचा. मेंढ्या गेल्या."