वळसा

महासत्तांच्या भांडणात शेजारच्या देशानं बाजू बदलली, सीमा बंद झाली आणि आईचं गाव पलीकडेच राहिलं. "वरून तरी एकदा दाखव गं," ती म्हणायची. गावावरून जाणाऱ्या विमानात लेक नोकरीला होती. तिनं आईला खिडकीजवळ बसवलं. उड्डाणाआधी कॅप्टन लेकीला बाजूला घेऊन म्हणाला, "त्यांनी आजपासून आकाशही बंद केलंय. वळसा घालावा लागेल." आई काचेला कपाळ टेकवून बसलेली. लेकीला सांगवेना. तासाभरानं खाली नदीकाठचं एक गाव दिसलं. लेक धीर करून म्हणाली, "आई, ते बघ, तुझं गाव!" आईनं डोळे भरून पाहिलं, मग लेकीचा हात हातात घेतला. "आमची नदी अशी वळत नाही, बाळा." लेकीचा चेहरा उतरला. "असू दे," आई खाली बघत म्हणाली, "कुणाचं तरी माहेर असेलच की," आणि गाव ढगांआड जाईपर्यंत हात हलवत राहिली.