आठ फेऱ्यांचं पाणी

पहिली फेरी.

फलाटाशेजारी क्रेन उभी. क्रेनशेजारी बागेचे साहेब, हातात कागद. बागेतली छोटी गाडी चालवणाऱ्या मावशींनी दोघांकडे पाहिलं आणि ब्रेकवरचा हात काढून घेतला. कमरेएवढं वाफेचं इंजिन, मागे बाकासारखे चार डबे, त्यांवर दोन्हीकडे पाय सोडून बसलेली माणसं. सगळी वरात फलाट सोडून पुढे गेली.

"मावशी, आज हे फाटकाशी चौथऱ्यावर चढवायचंय! शोभेला! उद्यापासून बॅटरीवालं—"

दुसरी.

"—बॅटरीवालं धावणार! थांबवा आता!"

"तापलंय, साहेब. वाफ असताना उचलता येत नाही. विचारा त्याला."

क्रेनवाल्याने कानामागची विडी काढली. "तापलेलं मी उचलत नाही. आणि आज नाही जमलं, तर मग महिनाभर क्रेन मोकळी नाही."

तिसरी.

"थंड व्हायला किती वेळ?"

"आत्ता आग काढली, तर संध्याकाळ होईल."

असं म्हणून मावशींनी भट्टीत कोळसा टाकला. फावडं पळीएवढं, पण टाकणं असं की साहेब एक पाऊल मागे सरकले.

पाचवी.

चौथ्या फेरीपासूनच साहेब फलाटावर नव्हते. पुढे वळणावर, नळापाशी होते. नळाची चावी काढून त्यांनी खिशात टाकली.

"टाकी आठ फेऱ्यांची आहे ना मावशी? मी इथेच थांबतो."

मावशींनी टाकीचं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीकडे पाहिलं. पाणी संपल्यावर आग ठेवली तर बॉयलर जळतो. त्यांनी आजवर कधी जळू दिला नव्हता.

सहावी.

"तुम्हाला उतरायचं असेल तर सांगा," त्या मागे न बघता म्हणाल्या.

"छे हो," मागचे जाडे गृहस्थ म्हणाले. "एका तिकिटात सहा फेऱ्या! सख्ख्या भावाने कधी एवढं फुकट दिलं नाही."

मागे कुणीतरी फसकन हसलं. मग कुजबुज. ती शेवटच्या डब्यापर्यंत गेली.

सातवी.

काचेच्या नळीतलं पाणी जवळजवळ तळाला आलं. मावशींनी भट्टीतली आग बाहेर ओढायचा आकडा हातात घेतला.

पाठीमागे टाकीचं झाकण वाजलं. गुडगुड. जाडे गृहस्थ आपली बाटली उपडी करत होते. त्यांच्या खांद्यावरून दुसरी आली, सशाच्या चित्राची. मग तिसरी. मग थर्मास.

"त्यात चहा नाही ना?" मावशींनी दरडावलं.

"नाही हो, कोमट पाणी. घसा धरलाय माझा."

आकडा जागेवर गेला.

आठवी.

नळ आला. साहेब आले, खिशावर हात ठेवून. शिटी म्हणजे वाफेची उधळपट्टी, असं मावशी नेहमी म्हणत. नळापासून पुढच्या वळणापर्यंत त्यांनी शिटीची दोरी सोडली नाही.

नववी.

शेवटच्या डब्याशेजारून क्रेनवाला धावत होता, पाण्याच्या बाटलीचं बूच दातांनी उघडत.