मोरोक्कोचा सुगंध

वरच्या मजल्यावरच्या क्र्यूगर बाईंनी 'मसाल्याचा वास येतो' म्हणून लेखी तक्रार केली, तेव्हापासून दोन वर्षं मैथिलीच्या हॅम्बर्गच्या घरात वरणाला फोडणी पडली नव्हती. आणि आज त्याच बाई जिऱ्याची पुडी घेऊन दारात!

"हल्ली जो तो मोरोक्कोलाच जातो. आम्हीही जाऊन आलो. काय तो बाजार, काय तो सुगंध! शनिवारी पाहुण्यांना घरात अगदी तसाच सुगंध हवाय. तुझी आई शिकवेल मला?"

मैथिलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेत शिकलेलं सगळं जर्मन आज हिच्यावर ओतायचं! पण आई बघा, हसतेय काय, खुर्ची काय देतेय!

"आई, हिला पाणीसुद्धा विचारू नकोस."

"गप गं. जर्मन कळतं मला, बोलता तेवढं येत नाही. मी सांगते ते तिला नीट सांग," आई गोड आवाजात म्हणाली. "म्हणावं, आधी सगळ्या खिडक्या घट्ट लावून घ्या. मग तेलातून धूर निघाला की सुक्या मिरच्या टाका. बारा."

मैथिलीनं शब्दन् शब्द जर्मनमध्ये सांगितला. फक्त मिरच्या तेवढ्या वीस केल्या.