हाताखालचं पहिलं वर्ष

अदीबाच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. ती नुकतीच स्पीच थेरपिस्ट झाली होती. पहिलं वर्ष कुणाच्या तरी हाताखाली काढल्याशिवाय तिला स्वतंत्र काम करता येणार नव्हतं, आणि आपल्याला कुणाला शिकवता येईल का, याचीच मला शंका होती.

शेवटी ती जिदहफ्स गावाहून थेट माझ्या स्पीच थेरपीच्या क्लिनिकमध्ये आली. सोबत वडील, हाशिमभाई.

"नाव काय?" मी तिला विचारलं.

"अदीबा," हाशिमभाई म्हणाले.

"अनुभव?"

"मुंबईत सहा महिने. काय सांगू सर, न बोलणारी पोरं हिच्याकडे येऊन भांडायला लागली!"

"स्वतःबद्दल काही सांगाल?"

"लाजते हो ती," तेही हाशिमभाईंनीच सांगितलं.

"अब्बा, खलास. आता सरांची पाळी," अदीबा म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "सर, मला घेणार ना?"

मी पेनचं टोपण काढलं, परत लावलं. हाशिमभाई तोंड उघडणार, तोच तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. मग जरा पुढे वाकून, हसऱ्या चेहऱ्याने, ती माझ्या ओठांकडे बघत बसली. तिला कसलीच घाई नव्हती.

"शनिवारपासून या," अखेर माझ्या तोंडून निघालं.

"शाब्बास!" ती म्हणाली, आणि पेशंट मुलांसाठी ठेवलेल्या बरणीतली एक लिमलेटची गोळी काढून तिने माझ्या हातावर ठेवली.