वाणाचा बाप

राघोबाने पितळी डबी बांधावर ठेवली आणि तो चार पावले मागे सरकला. मगच पंचशीलेने ती उचलली. डबीत त्याच्या घराण्याच्या तुरीचा पराग होता. पहाटे उठून त्याने तो स्वतः फुलांतून झटकला होता, झाकणाभोवती लाख ओतली होती आणि ओल्या लाखेवर अंगठीचा शिक्का उठवला होता. वाटेत भेसळ नको.

"आई कुणाचीबी चालतीय," तो म्हणाला. "बाप आमचा पाहिजे."

"व्हय, अप्पा," पंचशीला म्हणाली.

मादन हिप्परग्याच्या त्या शिवारात मर रोगाने सलग तीन वर्षे राघोबाची बहुतेक तूर उभी वाळवली होती. बांधापलीकडच्या अर्ध्या एकरात पंचशीलेची आई सुभद्राबाई हिने जपलेली तूर मात्र हिरवीगार होती. बौद्धवाड्यातले ते बी तसेच पेरणे राघोबाच्या कुळाला शोभले नसते. संकर करून ते घरचे करून घेणे शास्त्रसंमत होते. शिवाय नोंदणी झाल्यावर नव्या वाणाला राघोबाच्या वडिलांचे नाव लागणार होते. संविधान त्याला मान्य होते; फक्त बांधापर्यंत.

पंचशीलेचा हात कापसाच्या बीजोत्पादनात बसलेला. राघोबानेही कृती पाठ केली होती. उद्या उमलणारी कळी आज हेरायची, चिमट्याने पाकळ्या सारून दहाही पुंकेसर फुटण्याआधी खुडायचे. ते राहिले, तर तूर आपल्याच परागाने फळते. मग बापाचा पराग कुंचल्याने कुक्षीवर टेकवायचा, वर कागदी पिशवी, देठाला लाल दोरा.

तो बाभळीखाली बसला, पंचशीलेची सावली अंगावर येणार नाही इतक्या अंतरावर. तिथून त्याला वाकलेली पाठ दिसली, हलणारा कुंचला दिसला, आणि दिवस कलेपर्यंत सुभद्राबाईच्या झाडाझाडावर लाल दोरे दिसले. त्याचे समाधान झाले.

संध्याकाळी तिने डबी पुढे केली.

"राहू दे तुझ्यापाशीच," तो मागे सरला. "आता ती आमच्या घरात कशाला?"

"बरं, अप्पा. जपून ठिवते."

लाल दोऱ्यांच्या शेंगांतले बी पुढच्या हंगामात राघोबाच्या त्याच रोगट रानात पडले. एकही झाड मेले नाही. मांडव पडला, राघोबाने फेटा बांधला, अर्धे गाव जमले. नोंदणीचा अर्ज घेऊन कृषी अधिकारी शिवय्या आले. त्यांनी एक शेंग निरखली आणि तिच्यावरच्या जांभळ्या रेघा हुबेहूब सुभद्राबाईंच्या तुरीसारख्या असल्याचे बोलून दाखवले.

"रूप आईचं घेतलंय, साहेब," राघोबा म्हणाला. "दम बापाचा हाय."

मांडव हसला. मागच्या ओळीतली सुभद्राबाई तेवढी हसली नाही.

अर्जात दोन रकाने होते. मातृवाणाच्या रकान्यात शिवय्यांनी सुभद्राबाईंचे नाव लिहिले. पितृवाणासाठी संकर करणारीची साक्ष हवी होती. राघोबानेच पंचशीलेला पुढे बोलावले. आज चार माणसांत तिच्या तोंडून ऐकायला त्याची हरकत नव्हती.

"अक्का," शिवय्यांनी विचारले, "बाप ह्यांच्याच घरचा न्हवं?"

पंचशीलेने पदराची गाठ सोडली आणि पितळी डबी पांढऱ्या टेबलक्लॉथवर ठेवली. झाकणाभोवतीची लाख कुठेही तडकली नव्हती. तिच्यावर राघोबाच्या अंगठीचा शिक्का अजून लख्ख वाचता येत होता.