हाक्याचा डबा

“भावजी, बंदूक काढा,” साळुबाई अंगणातूनच म्हणाली. “राती पुन्हा डुकरं पडली बटाट्यात. अर्धं रान उकरलंय.”

चांगदेवनं चूळ भरून टाकली. साळुबाई म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची, हौशीरामची बायको. हौशीराम चांगदेवच्याच गोळीनं गेला. त्यानंतर ती या अंगणात आज पहिल्यांदा उभी होती. त्याला काहीतरी वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. हल्ली त्याला कशाचंच काही वाटत नसे. भाकरी काय अन् माती काय, सारखीच लागे.

“भिकाला सांग डुकरं हाकायला,” तो म्हणाला.

“भिका न्हाई म्हनला. तुमच्या बंदुकीम्होरं उसात शिरायला गावातलं कुत्रंबी तयार न्हाई.” बाजारभाव सांगावा तशी ती म्हणाली. “मीच हाकते. रेंजरसायबानं परवानगी दिलीय. हे बटाटं गेलं तर वर्सभर खायाचं काय?”

त्यानं कपाट उघडलं.

रायफल वडिलांची. भीमाशंकरच्या रानात त्यांनी या बंदुकीनं भेकरं पाडली होती. पुढं शिकार बंद झाली, तशी ती डुकरांपुरती उरली. चापाखालची लोखंडी कडी खाली ओढून वर केली की रिकामी पुंगळी बाहेर उडायची आणि नवी गोळी आत बसायची. खांद्यावरून उतरवायचंही काम नाही. अवसरी गावात तिचं भारी कौतुक होतं. चांगदेवच्या बंदुकीला थांबणं ठाऊक नाही, असं लोक म्हणायचे. नंतर म्हणायचे बंद झाले. कोर्टातून ती परत मिळाली तेव्हा त्यानं तिला तेल दिलं आणि कपाटात ठेवून दिली. विकून टाकावी, एवढंसुद्धा त्याच्या मनात आलं नाही.

ऊस ओढ्याकाठी होता. डुकरं दिवसभर त्यातच पडून राहायची. चांगदेव वरच्या बांधावर बसला. साळुबाई तेलाचा रिकामा डबा गळ्यात अडकवून ओढ्याकडून आत शिरली. डबा वाजवून डुकरं बाहेर काढायच्या या हाक्याची रीत गावात पोरासोरांनाही ठाऊक. डबा वाजतोय तिथं माणूस आहे. डबा थांबला की माणूस बाहेर पडला, मग बंदूकवाल्यानं खुशाल बार काढावा.

हौशीराम गेला त्या दिवशी डबा थांबला होता. ऊस हलला आणि चांगदेवनं बार काढला. हौशीराम बाहेर पडलाच नव्हता. डब्याची दोरी तुटली म्हणून तो खाली बसून गाठ मारत होता.

“डबा बंद झाला व्हता,” चांगदेवनं फौजदाराला सांगितलं. दहाव्याला आलेल्या पावण्यांना सांगितलं, पुढं कोर्टातही सांगितलं. खोटं नव्हतंच ते. कोर्टानं अपघात ठरवला, गावानंही मान डोलावली. सांगून सांगून ते वाक्य चोखून टाकलेल्या कोयीसारखं झालं होतं.

डबा वाजत जवळ येऊ लागला. पाचट करकरलं. चांगदेवनं कडी ओढली, दस्ता खांद्याला लावला. हात सवयीचे होते, त्यांना त्याची गरज नव्हती.

ऊस संपायच्या थोडं अलीकडे डबा थांबला.

चांगदेव वाट पाहत राहिला. साळुबाई कुठूनच बाहेर दिसेना. मग समोरच्या सरीतली पानं हलली. काहीतरी जड, खाली वाकलेलं, पुढं सरकत होतं. डुक्करच असणार. डबा बंद होता, रीत त्याच्या बाजूनं होती. शेजारी उकरलेलं बटाट्याचं रान पसरलं होतं. आज हे निसटलं तर उरलेलं रान रात्रीत जाणार, हेही त्याला कळत होतं.

बोट चापावर होतं. ते त्याला आपलं वाटेना.

त्यानं हाक मारली. साळू म्हणायचं होतं त्याला. तोंडातून निघालं, “हौशाऽ!”

पानं हलायची थांबली.

“ओ,” उसातून आवाज आला.

आवाज बाईचा होता. नळी रोखली होती नेमकी तिथूनच साळुबाई पाचट बाजूला सारत उभी राहिली. डबा तिनं पोटाशी धरला होता. त्याची दोरी धडधाकट होती.

चांगदेवनं रायफल खाली घेतली. “डबा का थांबवला?” त्यानं विचारलं. “गोळी लागली असती तुला.”

“लागली असती.” ती घामाघूम झाली होती, पण नजर हलत नव्हती. “डबा बंद झाला व्हता, असं सगळ्यास्नी सांगितलं नव्हं तुमी? म्हनून मीबी बंद केला.”

त्यानं रायफल बांधावर ठेवली.

“त्या दिशी अशीच हाक मारली असती, भावजी, तर त्यांनीबी ओ दिली असती.”

एवढं बोलून तिनं पदरानं तोंड पुसलं. डुकरं आतच आहेत म्हणाली आणि डबा सारखा करून पुन्हा ओढ्याच्या बाजूला गेली. थोड्या वेळानं उसातून ठणठणाट सुरू झाला. चांगदेवनं रायफल उचलली. समोरचा ऊस त्याला धड दिसत नव्हता. डबा वाजत होता, तरी तो हाका मारत राहिला.