माहेरच्या सागाचं रोप

नवरीने माहेरच्या सागाचं रोप सासरी न्यायचं, ही त्या गावची रीत. शेवंता सासरी निघाली तेव्हा नाक्यावर वनरक्षकाने तिच्या रोपाचं पान यंत्रात घातलं.

“पारबताबाई, याची आई तुमचं झाड आणि बापही तेच. असं रोप खुरटं निघतं, नेता येणार नाही.”

“काहीतरीच! चहूकडे सागच साग आहे की!”

“ते कंपनीचे. लाकूड भरावं म्हणून त्यांना फुलं येऊच देत नाहीत.”

पावसाळ्यात फुलोऱ्याने पांढरं होणारं रान पारबताबाईंना आठवलं. तोवर त्याने रोप पिरगाळून टाकलं होतं.

“जाऊ दे ना, माय,” नाक्यावर ठेवलेलं कंपनीचं रोप उचलत शेवंता म्हणाली. “रोज अंगणातली फुलं झाडायची कटकट तरी गेली.”